एक बार कमी वाजला

विहिरीत सुरुंग लावायचं काम मी आयुष्यभर केलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्या विहिरींच्या पाण्यावर आज ऊस, डाळिंब, टोमॅटो उभे आहेत, त्यातल्या बऱ्याच विहिरींचा खडक माझ्या हातानं फुटलेला आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. लोक विचारतात, पुढं शिकायला पाहिजे होतं असं वाटतं का? मी सांगतो, खडकापुढं चौथी काय आन चौदावी काय.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुरुंगाला आम्ही बार म्हणतो. वरची माती आणि मुरूम टिकावानं निघतो, पण काळा खडक लागला की हत्यार उड्या मारतं. मग ट्रॅक्टरवरच्या कंप्रेसरनं खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची. प्रत्येक भोकाची वात कमीजास्त लांबीची ठेवायची, म्हणजे बार एकामागं एक उडतात. वाती पेटवणारा माणूस क्रेनच्या बादलीत बसून वर येतो, सगळे लांब जाऊन उभे राहतात, आणि मग आवाज मोजायचे. जितके भरले तितके वाजले तर काळजी नाही. धूर निघून गेला की खाली जायचं, कडेचे सुटे दगड पहारीनं पाडायचे आणि फुटलेलं डबर बादलीत भरून वर पाठवायचं.

एखादा कमी वाजला तर मात्र दोन गोष्टी असू शकतात. दोन बार एकदम उडाले असतील आणि कानाला एकच ऐकू आला असेल. नाहीतर एक बार खाली तसाच भरलेला बसलेला असेल. वात दमट असली तर आतल्या आत धुमसत राहते आणि तुम्ही शेजारी जाऊन उभं राहिल्यावर उडते. वरून बघून यातलं कुठलं खरं ते कळत नाही. म्हणून थांबायचं. भरपूर थांबायचं.

थांबणं सोपं वाटतं. पण विहिरीच्या काठावर बसलेल्या गड्याला विहीर खाली ओढते. घड्याळ लावून थांबा म्हटलं तर तो घड्याळाचाच काटा ढकलत बसतो आणि ‘झालीच की येळ’ म्हणून उठतो. म्हणून मी माझ्या टोळीत एक रीत घातली. बार कमी वाजला की लांब लिंबाखाली पोतं अंथरायचं आणि तीन पत्ती खेळायला बसायचं. पैसे अजिबात नाहीत, चिंचोके लावायचे. टोळीतल्या प्रत्येकाच्या हातून पानं पिसून, वाटून, डाव होईपर्यंत विहिरीकडं कुणी फिरकायचं नाही. सगळ्यांची पाळी झाली तरी मी आणखी एक फेरी लावायचो. त्यानंतर ज्यानं वाती पेटवल्या त्यानंच, म्हणजे मीच, एकट्यानं उतरून बघायचं. ज्याच्या हातात वात, त्याचा शब्द शेवटचा. ही रीत कुणाला आवडो न आवडो.

न आवडणाऱ्यात पहिला होता शिरपा. शिरपा माझा क्रेनवाला, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. क्रेन अशी चालवायचा की भरलेली बादली वर येताना घागरीसारखी शांत यायची. पण पत्ते खेळताना तो पानं कधी उचलून बघायचा नाही. जमिनीवर पालथी ठेवूनच चिंचोके पुढं सारायचा. एकदा माझ्याकडं एक्क्याची जोडी होती, आणि हा न बघता वाढवतोय. शेवटी त्यानंच शो मागितला. ह्यानं पानं उलटी केली तर गुलाम, राणी, राजा. टोळी गडबडा लोळली.

शिरपा म्हणाला, “सोपाना, बघून खेळतोस आन हरतोस. मग बघायचं कशाला?”

मी म्हणालो, “मी बरोबर खेळलो. पानं तुला बरी पडली.”

“आरं, चिंचोके कुणाकडं हायत?”

“चिंचोके तुझ्याकडं. खेळ माझा बरोबर.”

“मग त्यो खेळ भाजून खा. म्या चिंचोके खातो.”

त्या वेळी मीसुद्धा हसलो. चिंचोकेच होते.

मग वरकुट्याची विहीर आली. मालक अंकुशराव, डाळिंबवाला, भला पण उतावळा माणूस. विहिरीला पाझर लागला होता, त्यामुळं मोटर चालू असेपर्यंतच काम. मोटर थांबली की पाणी चढून डबर बुडणार. त्या दिवशी लाइट दुपारपर्यंतच होती. आम्ही बार उडवले. मी विहिरीच्या एका अंगाला उभा राहून मोजले, शिरपानं दुसऱ्या अंगाला. दोघांचाही एक कमी.

मी पोतं मागितलं. अंकुशराव पळत आले.

“तात्या, पत्ते कसलं काढताय? लाइट जाईल की! पाणी चढल्यावर डबर काय बोटीतनं काढायचं का?”

“चढू द्या. उद्या उपसू.”

“उद्या लाइट रातची हाय.”

“मग परवा.”

“परवापतूर माझ्या बागेला पाणी तुमी खांद्यावरनं आणून घालणार का?”

मी पानं पिसत राहिलो. तेवढ्यात शिरपा उठला. क्रेनचा दांडा दुसऱ्या गड्याच्या हातात दिला, म्हणाला, “सोड मला खाली.” मी ओरडलो. तो बादलीत बसला होता. मी क्रेनपर्यंत पोचेपर्यंत बादली निम्म्यात गेली होती, आणि अधांतरी माणूस ठेवून दांड्याशी झोंबी घेणं त्याहून वाईट. मी काठापासून मागं सरलो.

थोड्या वेळानं खालून शिट्टी आली. शिरपा वर आला तो हसतच. “सगळी भोकं उडाल्यात. दोन बार जोडीनं वाजलं असणार. या रं, भरा डबर.”

दुपारच्या आत विहीर साफ झाली. संध्याकाळी अंकुशरावांनी चार माणसांत शिरपाला टॉवेल-टोपी दिली. मला चहा दिला.

परतताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर शेजारी बसून मी त्याला म्हणालो, “शिरपा, तू आज चुकलास.”

“चुकलो? मग मी हितं टोपी घालून बसलोय कसा?”

“बसलाईस ते नशिबानं. उतरलास ते तुझ्या अकलेनं. दोन्ही येगळं हाय.”

“तुला टोपी न्हाय मिळाली म्हणून जळतोयस.”

तो पुढच्या महिन्यात माझ्या टोळीतून निघाला आणि स्वतःची टोळी केली. खरं सांगायचं तर त्याच्यासारखा क्रेनवाला मला पुन्हा मिळाला नाही. पत्ते खेळायलाही तसं कुणी राहिलं नाही. त्याच्या विहिरी लवकर व्हायच्या. बार कमी वाजो, जास्त वाजो, धूर विरला की शिरपा खाली. लोक म्हणायला लागले, काम पाहिजे तर शिरपाची टोळी, पत्त्याचा क्लब पाहिजे तर सोपानतात्याची. वाचणाऱ्यांना वाटत असेल आता शिरपाचं काहीतरी वाईट होणार. झालं नाही. आजही तो धडधाकट आहे, दोन्ही हात, दोन्ही डोळे, सगळे दात. मी त्याला कधी वाईट चिंतलं नाही, आणि तसं काही होऊन माझं म्हणणं खरं ठरावं असंही मला कधी वाटलं नाही. माझं म्हणणं त्याच्या हाडांवर अवलंबून नव्हतं.

लोक सगळंच असं शेवट बघून ठरवतात. जळोचीकडं एक गृहस्थ होते. त्यांच्या भावानं जाणता माणूस आणून, उताराचं पाणी, खडकाचा थर, शेजारच्या विहिरी सगळं बघून जागा धरली. खोल गेलो, कोरडी निघाली. ह्या गृहस्थांनी कुणालाच विचारलं नाही. बायकोला पाणी लांबून आणायला लागू नये म्हणून गोठ्याच्या पाठीमागं खड्डा घ्या म्हणाले. दुसऱ्याच बारात झरा फुटला. त्यानंतर गावोगावचे लोक त्यांना जागा दाखवायला नेऊ लागले. सुरुवातीला ते बिचारे म्हणायचे, “आवो, मला काय कळत न्हाय.” वर्षभरानं बघितलं तर शेतात मधोमध उभे राहून डोळे मिटून तळहात जमिनीकडं धरत होते.

आता माझ्या हाताचं सांगतो. इंदापूरच्या अलीकडं एका विहिरीवर सगळे बार नीट वाजले होते. एकही कमी नाही. धूर गेला, मी आधी उतरलो, कडेकडेनं पहारीनं ठोकत सगळे सुटे दगड पाडले. माझ्या पद्धतीत काहीही राहिलं नव्हतं. दुपारी नवीन भोकांच्या खुणा करत बसलो असताना वरच्या थरातला एक दगड निसटला. डोक्यात आला नाही. डाव्या हातावर आला. बारामतीच्या दवाखान्यात दोन बोटं काढली.

बघायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकजण हाताकडं बघून तेच म्हणायचा, “एवढं जपून वागणारा माणूस, आन बघा.” शिरपा शहाळी घेऊन आला होता. नुसता दोन्ही हातांनी शहाळं धरून स्टुलावर बसला, आणि ते दोन धड हात बघून खोलीतल्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

माझा मुलगा हणमंत तेव्हा माझ्याच टोळीत कंप्रेसर चालवायचा. सगळे गेल्यावर तो म्हणाला, “आबा, एक इचारू?”

“इचार.”

“शिरपाकाका कधीच थांबले न्हाईत. तुमी जल्मभर थांबलात. मग आपल्याला थांबून काय मिळालं?”

मी म्हणालो, “त्या दगडाचा आन थांबण्याचा काय संबंध न्हाय. उद्या तसाच दिवस आला तर मी पुन्हा तसंच करीन.”

“पुन्हा दोन बोटं जातील की.”

“न्हाय जाणार. आन गेली तरी तसंच करीन.”

तो माझ्या हातावरच्या पट्टीकडं बघत राहिला. त्याला पटलं नव्हतं. ते मला दिसलं, आणि हात दुखत होता त्यापेक्षा ते जास्त दुखलं. कारण आता टोळी त्याच्याकडं जाणार होती. वात त्याच्या हातात येणार, उतरायचं की थांबायचं तो ठरवणार, आणि त्याच्या डोळ्यापुढं काय, तर माझा हात आणि शिरपाची टोपी. शहाणा माणूस यावरून काय शिकेल सांगा. मी दवाखान्यात पडून तोच विचार केला. बारात जातं ते पोर परत येत नाही, हे मी दुसऱ्यांच्या घरात बघितलेलं आहे. ते लिहीत नाही.

घरी आल्यावर मी त्याला टोळी दिली आणि एक शब्द दिला, की तुझ्या कामावर मी आलो तरी तोंड उघडणार नाही. टोळीला दोन डोकी असली की कुणी कुणाचं ऐकत नाही. ज्याच्या हातात वात त्याचा शब्द, ही माझीच रीत होती. ती मला पाळायला लागली. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा.

पुढं किती विहिरी झाल्या, पण त्याच्यावर वेळ आली नाही. बार वाजायचे तेवढे वाजायचे. मी क्रेनच्या सावलीला बसून बोटांवर मोजायचो, आता बोटं पुरत नाहीत तरी. आणि घरी येऊन वाटायचं, अजून कळलं नाही की ह्यानं काय शिकून घेतलंय.

ते गेल्या उन्हाळ्यात वडगाव निंबाळकरला कळलं. मालक विलासराव. ऊस आहे, गोठ्यात गाई आहेत, सगळं थाटाचं. विहिरीला पाणी लागलं म्हणून त्यांनी जलपूजन ठरवून टाकलं होतं, काम संपायच्या आधीच. रस्त्याला फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात विलासरावांचा हात जोडलेला. चार वाजता पाहुणे येणार. तळाला शेवटचं डबर निघालं की स्वच्छ पाणी दिसणार, काठावर उभं राहून फोटो काढायचे. शिरपाची सासुरवाडी जवळच, तोही जलपूजनाला म्हणून पांढरीफेक टोपी घालून आला होता. आम्ही दोघं म्हातारे एका बाजेवर बसलो.

बार उडाले. हणमंतानं मोजले, त्याच्या क्रेनवाल्यानं मोजले. मी मनात मोजले. एक कमी.

विलासराव म्हणाले, “झालं ना? घ्या भरायला.”

हणमंत म्हणाला, “एक कमी वाजला.”

“आवो, म्या ऐकला की सगळा धडाका! पाव्हणं निघाल्यात बारामतीतनं.”

“दोन एकदम वाजले असतील. नसतील बी.”

“असतीलच! न्हायतर इतका आवाज कुठनं आला?”

शिरपा बाजेवरून उठला. ह्या वयात. “हणमंता, मला बादलीत बसव. मी बघून येतो. जल्मात काय झालं न्हाय मला, आज का होईल?”

सगळे हसले. विलासराव म्हणाले, “बघा, हे म्हातारं तयार हाय आन तुमी...”

हणमंतानं माझ्याकडं बघितलं. मी शब्द दिला होता. मी चंची काढली आणि सुपारी कातरायला लागलो. तोंडात टाकायची सोडून नुसती कातरतच राहिलो.

हणमंत विहिरीच्या काठावर गेला. खाली बघितलं. क्रेनवाल्याला काहीतरी हळू म्हणाला. मग त्यानं एक पाय बादलीत टाकला. मी बघत होतो. चपलेचा पट्टा तुटलेला होता, तो त्यानं तारेनं बांधला होता, एवढं मला लांबून दिसलं. पाय तिथंच राहिला. विलासराव म्हणाले, “शाब्बास!” त्या शब्दानं काय झालं मला माहीत नाही, पण हणमंतानं पाय बाहेर घेतला. क्रेनच्या इंजिनाकडं गेला, इंजिन बंद केलं, सुरू करायचं हँडल काढलं आणि ते घेऊन येऊन लिंबाखाली पोत्यावर बसला. हँडल मांडीखाली.

“कुणी उतरायचं न्हाय. काकांनी बी न्हाय.”

विलासराव पायांखालचा दगड लाथाडून गेले. पाहुणे आले, विहिरीपासून लांब मांडवातच उभे राहिले, नारळ फुटला, पेढे वाटले. पाहुणे जाताना म्हणाले, “विलासराव, विहीर दाखवणार होता ना?” विलासरावांचं तोंड बघवेना. टोळीतली पोरं लिंबाखाली पत्ते खेळत बसली होती. शिरपाला त्यांनी बोलावलं, पण तो बाजेवरून हलला नाही.

ऊन कलल्यावर हणमंत एकटा खाली गेला. आम्ही सगळे लांब मागं थांबलो. मी देवाचं नाव घेतलं, आणि नाव घेताना काय मागायचं हेच कळेना. खाली भरलेला बार निघाला तर पोरगं मोठं ठरणार होतं. पण बापाला तसलं मागता येतं का?

तो वर आला. “सगळे उडाल्यात. काय न्हवतं.”

विलासरावांनी हात जोडले. “वा! चार लोकात माझी शोभा केली ती कशासाठी? काय न्हवतं म्हणून! शेजारच्या रानात दुसरी विहीर घ्यायचीय मला, तिथं येऊ नका म्हंजी झालं.”

शिरपा म्हणाला, “म्या सांगितलं न्हवतं?” पण नेहमीसारखा हसला नाही. टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

मोटरसायकलवर मी हणमंताच्या मागं बसलो. उसाच्या ट्रॉलीमागं गाडी हळू झाली तेव्हा तो म्हणाला, “आबा, काय न्हवतं खाली.”

माझा शब्द कामावरचा होता. रस्त्यावरचा नव्हता. मी म्हणालो, “बरोबर केलंस.”

“आवो, पण काय न्हवतं!”

“वर असताना तुला म्हाईत होतं का?”

“न्हाय.”

“मग?”

ट्रॉली वळली. त्यानं गाडी पुढं काढली. मग मान थोडी मागं करून म्हणाला, “पुढच्या बारीला बी मी थांबणार हाय. पण तुमी बाजेवर असलं तोंड करून बसत जाऊ नका. मला बादलीत पाय टाकल्यावर वाटलं, तुमीच आधी मरताय.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डावाच. गाडीवर धरायला काहीतरी लागतंच.

विलासरावांची दुसरी विहीर आम्हाला मिळाली नाही. ती शिरपाच्या पोराच्या टोळीनं केली. लवकर केली, बार कमी वाजला तरी लगेच उतरले म्हणतात, आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी मी मुद्दाम जाऊन बघून आलो. बांधकाम चांगलं आहे, कडा सरळ उतरल्यात. विलासरावांनी तांब्या भरून दिला, मी पाणी प्यालो. गोड आहे. माझं मत बदललेलं नाही.